वर्षाच्या खोलीपर्यंत

बिजलीबाईला आधी वाटलं, कापसाचा व्यापारीच आला. गेल्या पाच महिन्यांत मोटारसायकलवरून तांड्यात शिरणारा जवळजवळ प्रत्येक अनोळखी माणूस व्यापारी निघाला होता. म्हणून ओसरीतल्या खाटेवरून न उठताच तिने सांगून टाकलं, "द्यायचा नाई अजून. वर्षाचे बा घरी नाई."

त्या माणसाने गाडी कडुलिंबाखाली लावली, हेल्मेट काढलं आणि रुमालाने मान पुसली. वय पंचेचाळीसच्या पुढचं, दाढीत पांढरे केस, खांद्याला काळी बॅग.

"कापूस नाई पाहिजे ताई. मी साजिद. पुसदहून आलो. जियाचा अब्बा."

जिया हे नाव बिजलीबाईला ठाऊक होतं. वर्षाच्या फोनवर दिसणारी, डोक्यावरून ओढणी घेतलेली आणि सारखे हात हलवणारी मुलगी. पुसदला कर्णबधिर मुलांची शाळा होती, तिथे दोघी नऊ वर्षं एका बाकावर बसल्या होत्या. वर्षा वसतिगृहात राहायची, जिया घरून यायची.

"काय झालं जियाले?" ती उठून बसली.

"तिले काई नाई झालं. पण ती म्हणते, वर्षाचे हात अडकून राह्यले."

बिजलीबाईला कळलं नाही. साजिदने बॅग ओसरीच्या कडेला ठेवली आणि स्वतःचा हात वर नेऊन मध्येच थांबवून दाखवला. "फोनवर दोघी बोलतात नं, इशाऱ्यांनं. तर वर्षाचा हात असा वर जाते अन् तिथंच थांबते. मग एकदम खाली आलेला दिसते. मधातलं सारं गायब. जिया म्हणते, अब्बा, मले तिचं निम्मं बोलणं समजूनच नाई राह्यलं. आठ दिवसांपासून माझ्या मागं लागली. आज महागावले कॅमेरे बसवायचं काम होतं. म्हटलं, जाताजाता पाहून घ्यावं."

साजिद पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचा. टीव्ही दुरुस्त करणं लोकांनी सोडल्यावर कॅमेरे, वायफाय, दारावरच्या घंट्या, जे मिळेल ते करत होता. हे त्यानेच दोन वाक्यांत सांगितलं, फार उत्साहाने नव्हे.

बिजलीबाईने तांब्या भरून आणला. त्याने हात जोडले. "रोजा हाय ताई."

तिने तांब्या तसाच परत नेऊन ठेवला. चैताच्या उन्हात पुसदहून महागाव, महागावहून तांडा, आणि पोटात पाण्याचा थेंब नाही. तिला त्याच्याकडे पाहूनच दमल्यासारखं झालं. खरं तर ती सकाळपासूनच दमलेली होती. हाताला, मानेला खाज होती. घरात कापूस असला की त्यातला बारीक किडा असतोच, आणि तो किडा माणसाला झोपू देत नाही. तांड्यातल्या निम्म्या घरांत यंदा हेच चाललं होतं. भाव पडलेला म्हणून कोणी कापूस विकला नव्हता, आणि माणसं स्वतःच्याच घरात कडेकडेने वावरत होती.

वायफायचं म्हणाल तर ते बादलने लावलं होतं. बादल तिचा थोरला मुलगा, पुण्याच्या एका कंपनीत कामाला. लॉकडाउनमध्ये तो घरी येऊन राहिला तेव्हा डांबरी रस्त्यापर्यंत आलेली फायबरची तार त्याने घरात ओढून घेतली. तांडा खोलगट जागी, मोबाइलला रेंज हवी तर पाझर तलावाच्या बांधावर जावं लागे. बादल परत गेला, पण वर्षासाठी वायफाय ठेवलं. मुख्य डबा पुढच्या खोलीत होता, आणि वर्षाची खोली पार मागे. म्हणून गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी त्याने एक छोटा पांढरा डबा आणून वर्षाच्या खोलीतल्या प्लगमध्ये खोचला. रेंज मागे नेणारा डबा, असं त्याने आईला सांगितलं होतं. दिवाळीत तो बरा चालला. मग हळूहळू बिघडत गेला. बिजलीबाईने फोनवर तक्रार केली, की बादल आईला म्हणायचा, "याडी, बंद करून चालू कर." ती रोज बंद करून चालू करायची. कधी दिवसातून चारदा.

साजिद आत शिरणार तेवढ्यात वर्षा स्वतःच बाहेर आली. वीस वर्षांची, उंच, गेल्या आठ दिवसांत डोळ्यांखाली काळी झालेली. साजिदला पाहून ती थबकली. मग तिचे हात सुरू झाले आणि साजिदचेही. त्याची बोटं जाड होती, एका नखावर हातोडीचा जुना डाग होता, पण ती बोटं चालली तशी वर्षाच्या तोंडावर आठ दिवसांत पहिल्यांदा काहीतरी हललं.

बिजलीबाई दोघांकडे पाहत राहिली. तिला आणि वर्षाला मिळून पंचवीसेक खुणा येत होत्या. भाकर, पाणी, शेळी, झोप, ये, जा. मिशी पिळली की बाप. बोटं थेंबांसारखी खाली आणली की पाऊस. वर्षा सातव्या वर्षी वसतिगृहात गेली आणि मोठी होऊन परत आली, पण या खुणा तेवढ्याच राहिल्या.

"तुमाले येते हे?" तिने विचारलं.

"घरातच पोरगी अशी असली तर शिकावंच लागते नं," साजिद म्हणाला.

तो सहज बोलला. बिजलीबाईला ते लागलं. पण वाईट वाटून घ्यायलाही अंगात थोडं त्राण लागतं.

साजिद कामाला लागला. आधी पुढच्या खोलीत मुख्य डब्याजवळ उभा राहून त्याने फोनवर वेग मोजला. छत्तीस आला. पण त्या खोलीला खिडकी नव्हती, तिथल्या अंधारात फोनवर हात दिसत नसत. मग तो मागे निघाला आणि मधल्या खोलीच्या दारात थांबला.

मधली खोली कापसाने भरली होती. जमिनीपासून पार वर टिनाला लागेपर्यंत. एका बाजूने जेमतेम एक माणूस तिरका होऊन जाईल एवढी वाट ठेवलेली. साजिदने तोंडाला रुमाल बांधला आणि तिरका होत वर्षाच्या खोलीत गेला. तिथे मोजलं तर एक पूर्णांक चार. पुन्हा मोजलं. शून्य पूर्णांक नऊ.

"पण ह्याच्यात तर सारी रेंज दिसते," बिजलीबाई म्हणाली. वर्षाच्या फोनवरच्या त्या कमानी तिलाही ओळखू येत.

"तीच तर गोम हाय. फोन दाखवते ते ह्या मागच्या डब्याची रेंज. डबा हाताशी हाय, म्हणून पूर्ण दिसते. पण डब्यालेच समोरून काई येऊन नाई राह्यलं. त्याच्याकडं नाई, तर तो फोनले कुठून देईल?" त्याने पांढऱ्या डब्यावरचा बारीक दिवा दाखवला. तो लाल होता. "हा लाल म्हणजे त्याले समोरचं नीट ऐकूच येत नाई. हा डबा मधात लागते, जिथं समोरचं चांगलं पोहोचते तिथं. जिथं रेंज नाई तिथं लावून उपयोग नाई. सारेच लोक अशीच गलती करतात."

मधल्या खोलीत प्लग होता, पण तो कापसामागे गेलेला. साजिद थोडा वेळ त्या ढिगाकडे पाहत राहिला.

"कापूस कधीपासून हाय?"

"दिवाळीनंतर आला."

"अन् वायफाय कधी बिघडलं?"

बिजलीबाईने आठवून पाहिलं. "थोडं थोडं तवापासूनच. पण गेल्या महिन्याभरात दोनदा पाणी आलं नं अवकाळी, तवापासून पार गेलं."

"कोरडा कापूस एवढा नाई अडवत," साजिद म्हणाला. "ओला असला तर अडवते. पाणी हे सारं पिऊन टाकते."

"ओला नाई," ती लगेच म्हणाली. तिचा नवरा भावसिंग तसं म्हणत असे, म्हणून तीही म्हणाली.

साजिदने वाद घातला नाही. त्याने पांढरा डबा काढला, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत एक्स्टेंशन बोर्ड ओढला आणि तिथे लावून पाहिला. दिवा पिवळा झाला. वर्षाच्या खोलीत सात आला. वर्षाने मान हलवली, बरं आहे अशी. पण साजिद मोजत राहिला. सात, मग तीन, मग एक, मग पुन्हा पाच.

"हे असंच नाचंल," तो म्हणाला. "हा डबा एकाच तोंडानं घेते अन् त्याच तोंडानं देते. म्हणून जेवढं येते त्याच्या निम्मंच पुढं जाते. तुमचं-माझं बोलणं असतं तर चालून गेलं असतं. आवाज तुटला तरी बाकीच्यावरून माणूस समजून घेते. हाताचं तसं नाई. मधातलं एक बोट गेलं की शब्दच बदलते."

वर्षा त्याच्या तोंडाकडे पाहत होती. मग तिने त्याच्या बाहीला हात लावला आणि बोलू लागली. बराच वेळ. साजिदने दोनदा तिला थांबवून काही विचारलं. मग तो बिजलीबाईकडे वळला.

"ताई, मागच्या सोमवारी हिची मुलाखत होती, तुमाले माहीत हाय का?"

"कशाची मुलाखत?"

"नागपूरले एक शिक्षण हाय, दोन वर्षांचं. आपल्यासारख्यांच्या घरी अशी लेकरं असतात नं, त्यायले ही हाताची भाषा शिकवायचं. शिकवणारा स्वतः न ऐकणाराच पाहिजे म्हणतात. राहणं-खाणं तिथंच. बादलनं अर्ज भरून देला. मुलाखत फोनवर होती, समोर तीन लोक. हिनं उत्तर देलं, पण त्यायले ही अडकलेलीच दिसली. शेवटी त्यायनं लिहून पाठवलं, तुमचं काई समजलं नाई, पुन्हा एकदा घेऊ. ती उद्या हाय. अकरा वाजता."

बिजलीबाई खाली बसली. आठ दिवस मुलगी अर्धीच भाकर खात होती, फोन गादीवर फेकत होती, हाताने विचारलं तर तोंड फिरवत होती. तिने समजूत करून घेतली होती की उन्हाने होत असेल. नाहीतर कापसाच्या किड्याने.

"बादलले माहीत होतं?"

"त्यानंच म्हटलं, झाल्यावर सांगू. आधीच घरात गोंधळ नको."

ती वर्षाकडे पाहत म्हणाली, "तिले विचारा, ती जाईन का खरंच?"

साजिदने विचारलं. वर्षाने होकाराची मान डोलावली. त्याला सांगायची गरज पडली नाही.

"विचारा, इथं तिले काय कमी हाय?"

या वेळी साजिदचे हात लगेच उठले नाहीत. त्याने एकदा बिजलीबाईकडे पाहिलं, मग विचारलं. वर्षा आईकडे बघत राहिली. मग तिने अगदी लहान हालचाल केली, छातीजवळच.

"ती म्हणते," साजिद खालच्या आवाजात म्हणाला, "इथं दिवसभर बोलू कोणासंग?"

बाहेर शेळी ओरडली. बिजलीबाईने पदर कमरेला खोचला आणि गुडघ्यावर हात देऊन उठली.

"आता काय करा लागते ते सांगा."

साजिदने सांगितलं. मुख्य डब्यापासून वर्षाच्या खोलीपर्यंत तार टाकायची. पांढऱ्या डब्याच्या बुडाशी तार खोचायची एक खाच होती, बादलने कधी वापरली नव्हती. तार लावली की त्याला हवेतून काही ऐकावं लागणार नाही. जेवढं समोर येतं तेवढं मागे पोहोचेल. तार टिनावरून नेता आली असती, पण तांड्यात माकडं होती, त्यांनी डिशची वायर दोनदा तोडलेली. घराला वळसा घालायला त्याच्याकडची तार पुरत नव्हती. राहिली मधली खोली. तिच्या दोन्ही भिंतींना पायाजवळ पूर्वीच्या पाण्याच्या पाइपाची भोकं होती, पण ती कापसाखाली.

"भिंतीच्या कडेनं हातभर जागा करा लागंल. इकडून तिकडपर्यंत."

"मी करतो," बिजलीबाई म्हणाली.

वर्षा आधीच चादरी घेऊन आली होती. तिघांनी कापूस ओढायला सुरुवात केली. वरचा कापूस हलका निघत होता, ओसरीत चादरींवर त्याचा नवा ढीग होऊ लागला. पाच मिनिटांत तिघांच्या भुवया पांढऱ्या झाल्या. साजिदने रुमालातून दोनदा खोकलून घेतलं आणि भिंतीला टेकून थोडा वेळ डोळे मिटले. बिजलीबाई म्हणाली, "तुमी बसा भाऊ." तो म्हणाला, "बसलो तर उठणं नाई होणार."

तेवढ्यात भावसिंग आला.

तो शेतातून आला होता, खांद्यावर दोर होता. ओसरीतला कापूस पाहून त्याने दोर टाकला. "हे काय करून राह्यले? व्यापारी हाय का हा?"

बिजलीबाईने घरच्या बंजारा बोलीत सगळं सांगितलं. मुलाखत, नागपूर, उद्या अकरा वाजता, तार. भावसिंगने ऐकलं की नाही कळलं नाही. तो मधल्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला.

"कापसाले हात नका लावू," तो साजिदसाठी मराठीत म्हणाला. "एवढे महिने ठेवला. हलवला की पिवळा पडते, वजन जाते. भाव येऊन राह्यला आता."

साजिदने हातातला कापूस खाली ठेवला. "घर तुमचं हाय भाऊ. तुमी म्हणाल तसं."

वर्षाला शब्द कळले नाहीत, पण बापाचा दारात आडवा धरलेला हात कळला. ती चादर हातात घेऊन तशीच उभी राहिली. बिजलीबाई मात्र थांबली नाही. ती भावसिंगच्या हाताखालून वाकून आत गेली आणि भिंतीच्या कडेचा कापूस ओढू लागली.

"बिजली, आयकू नाई आलं का?"

"आलं."

"मग?"

"तुमी खालचा पाह्यला का?" तिने मागे न पाहता विचारलं.

भावसिंगचा आडवा धरलेला हात खाली आला.

"फागणात पाणी आलं त्या दिवशी टिनाचा खिळा गळत होता. थेंब वाजून राह्यला होता रातभर. तुमी जागे होते, मी पण जागीच होतो. मग चैतात अजून आलं. महिन्यापासून वास येते. तुमी म्हणता ओला नाई, तर मी पण म्हणतो ओला नाई. पण पाह्यला का तुमी?"

"पाहून काय करू?" भावसिंग म्हणाला. त्याचा आवाज रागाचा नव्हता. "पाह्यला तर मग आहेच. नाई पाह्यला तर निदान..."

बिजलीबाई ओढत राहिली. भिंतीच्या तळाशी पोचली तसा कापूस जड लागू लागला. मग तो पांढरा राहिला नाही. आधी पिवळा, मग मातकट, आणि अगदी बुडाशी काळपट. हात घातला तर आत गरम होतं. कुजलेल्या गोणपाटासारखा वास सगळ्या खोलीत पसरला. साजिदने वर पाहिलं, मग भिंतीवरून खाली उतरलेला ओलीचा डाग पाहिला. त्याच भिंतीच्या रेषेत, ढिगाच्या पलीकडे, वर्षाची खोली होती.

भावसिंग दारातच उकिडवा बसला. त्याने त्या काळ्या कापसाचा एक पुंजका उचलला, चिमटीत दाबला, पाण्याने बोट ओलं झालं ते पाहिलं. मग वर्षा बापाजवळ गेली आणि त्याच्या हातातून तो पुंजका काढून घेतला. ती त्याच्या शेजारी बसली.

"ओला तेवढा वेगळा काढा लागंल," भावसिंग शेवटी म्हणाला. "नाईतर वरचा पण ओल धरंल." आणि त्याने सदरा काढून खुंटीला लावला.

चौघांनी मिळून काम लवकर उरकलं. ओला कापूस अंगणात ताडपत्रीवर गेला, कोरडा ओसरीत. भिंतीच्या कडेला हातभर जागा झाली, पाइपाची दोन्ही भोकं दिसली. साजिद पोटावर झोपला, तार ओवली, पलीकडून वर्षाने ओढून घेतली. तारेच्या टोकाला त्याने प्लास्टिकची टोपी बसवायला घेतली. आठ बारीक तारा रंगाप्रमाणे लावायच्या होत्या. पहिली टोपी फुकट गेली. दुसरी त्याने दिव्याजवळ नेऊन, श्वास रोखून बसवली.

तोपर्यंत सूर्य कलला होता. साजिदने घड्याळ पाहिलं आणि बॅगेतून खजुराची पुडी काढली. बिजलीबाईने न विचारता तांब्या आणून समोर ठेवला. तो ओसरीच्या कडेला, कापसाला पाठ करून बसला, आणि वेळ झाल्यावर खजूर तोंडात टाकून सगळा तांब्या एका दमात प्याला. घरी बायको वाट पाहत असेल म्हणाला, वायफायवरून फोन करून तिला सांगितलं. भावसिंगने त्याच्यासाठी चहा ठेवायला लावला आणि स्वतः शेजारी बसून राहिला.

मग साजिदने पांढऱ्या डब्याला तार खोचली, फोनवरून त्यात काही बदल केले, दोन मिनिटं थांबला. दिवा हिरवा झाला. वर्षाच्या खोलीत मोजलं. तेहतीस. पुन्हा मोजलं. चौतीस.

वर्षाने लगेच जियाला फोन लावला. पडद्यावर जिया दिसली, मागे तिच्या घरातली दस्तरखानावरच्या जेवणाची गडबड. वर्षा दोन्ही हातांनी भराभर काहीतरी बोलली, जियाने तसंच उत्तर दिलं. कुठे काही अडकलं नाही. साजिदने मान लांब करून पडद्यात डोकावलं, तशी जियाने त्याला हाताने झापलं.

"काय म्हणते?" बिजलीबाईने विचारलं.

"म्हणते, आठ दिवस लावले, काम तर एका दिवसाचं होतं," साजिद म्हणाला आणि बॅग खांद्याला अडकवून निघाला. गाडी चालू करताना तो भावसिंगला म्हणाला, "तो खिळा बुजवून घ्या भाऊ. अन् उद्या लाइन गेली तर मात्र माझ्या हातात काई नाई."

दुसऱ्या दिवशी वीज गेली नाही. अकराला वर्षाने केस विंचरून, बादलने पाठवलेला निळा कुर्ता घालून, फोन खिडकीच्या कठड्यावर उभा केला. बिजलीबाई दाराबाहेर उभी राहिली. पडद्यात तीन चौकोन होते, तिन्हींत माणसं. एक बाई विचारत होती, वर्षा उत्तर देत होती. काय विचारलं, काय सांगितलं, यातलं बिजलीबाईला काहीच कळलं नाही. फक्त एवढं दिसलं की मुलीचे हात थांबत नाहीत, आणि समोरची माणसं माना हलवतात. एकदा तिघंही हसली. या घरात वर्षाच्या बोलण्यावर तीन माणसं एकदम हसलेली तिने कधी पाहिली नव्हती. ती तिथून हलली आणि अंगणात जाऊन भावसिंगबरोबर ओला कापूस उलटा करू लागली.

"झालं?" त्याने विचारलं.

"बोलून राह्यली अजून."

त्याने मान हलवली. दोघांनी ताडपत्रीचं दुसरं टोक धरलं.

दहा दिवसांनी निरोप आला की वर्षाला घेतलं आहे. भावसिंगने मे महिन्यात कापूस विकला, आलेल्या भावात. ताडपत्रीवरचा वाळला, पण त्याला कोणी हात लावेना. तो बांधावर नेऊन टाकला. भाव पुढे वाढला की पडला, हे त्याने नंतर कोणाला विचारलं नाही. जुलैत तो स्वतः वर्षाला नागपूरला पोचवून आला.

बिजलीबाई आता दर गुरुवारी महागावहून पुसदची बस पकडते. साजिदच्या घरी त्याची बायको आरिफा चटई टाकून देते आणि जिया समोर बसून तिला एकेक शब्द शिकवते. साठ-सत्तर शब्द आले असतील. बोटं जाड झालीत, लवकर वळत नाहीत, आणि जिया चूक अजिबात चालवून घेत नाही. एका गुरुवारी निंदणाच्या दिवसांत ती चटईवर बसल्या बसल्याच झोपली. आरिफाने हातांनी सांगितलं, झोपू दे तिले. जियाने थोडा वेळ झोपू दिलं. मग गुडघ्यावर दोनदा टकटक केलं, बिजलीबाईने डोळे उघडले, आणि जियाने पुढचा शब्द दाखवला.